नाताळ कितव्यांदा आला?

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की बोईसर स्टेशनाबाहेरच्या दुकानांवर तारे उगवतात. कागदाचे, प्लॅस्टिकचे, आत एलईडीची माळ गुंडाळलेले, पाच टोकांचे, सात टोकांचे. दीडदोन महिन्यांपूर्वी त्याच खिळ्याला आकाशकंदील टांगला होता. खिळा तोच, सुतळीही बहुधा तीच. खाली रिक्षांची रांग, पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसगाड्या आणि एमआयडीसीकडून येणारा तो ओळखीचा दर्प. या गावाला नाताळचं गाव असं कुणी म्हणणार नाही. नाताळ बघायला लोक गोव्याला जातात, फार तर वसईला उतरतात. बोईसरला लोक नोकरीसाठी येतात.

मला मात्र या पट्ट्यातला नाताळ बघताना एक मोजदाद करायची खोड लागली आहे. पालघर, बोईसर, तारापूर या टापूत नाताळ आजवर कितव्यांदा आला, याची. हिशेब सोपा असेल असं वाटलं होतं. एकदा पोर्तुगीजांच्या गलबतातून आला, एकदा रेल्वेतून आला, झाले दोन. पण प्रत्येक वेळी मोजायला बसलो की काहीतरी नवं हाताला लागतं आणि बेरीज चुकते.

गलबतापासून सुरुवात करू. २३ डिसेंबर १५३४ या दिवशी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने ‘सांव मातेउश’ या पोर्तुगीज जहाजावर तह करून वसईचा मुलूख पोर्तुगालला तोडून दिला. तारीख पुन्हा वाचा. नाताळच्या ऐन दोन दिवस आधी. त्यानंतर किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडे त्यांची ठाणी पसरली. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू आणि त्यापुढे दमण. आतल्या बाजूला मनोरजवळचा अशेरीगड. अशेरीच्या माथ्यावर चढून गेलात तर दगडात कोरलेलं पोर्तुगीज राजचिन्ह आजही भेटतं. घामाघूम होऊन वर पोचावं आणि एवढ्या रानात लिस्बनच्या राजाचा मुकुट समोर यावा, ही गंमत ज्यानं अनुभवली त्यालाच कळेल.

त्या जहाजांतून एक शब्द उतरला. पोर्तुगीज भाषेत ख्रिस्तजन्माच्या सणाला ‘नताल’ म्हणतात. आपण त्याला एक काना जास्त दिला, शेवटी ‘ळ’ लावला आणि तो आपलाच झाला. ‘ळ’ लागला की शब्द मराठीच्या पंगतीला बसलाच म्हणून समजा. पाव, साबण, चावी, पगार, बटाटा, काजू हे त्याच जहाजांतले सहप्रवासी. पण नताल हा शब्द आपल्याकडे येण्याआधी वाटेत एका ठिकाणी थांबला होता. १४९७ च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पुढे निघाला असताना जो किनारा दिसला, त्याला त्यानं नाव दिलं नताल. बॅरिस्टर गांधी १८९३ साली नोकरीसाठी ज्या नाताळला गेले, ते हेच. शाळेत इतिहासाच्या तासाला मला वाटायचं, गांधीजी डिसेंबरात गेले असणार!

आणखी खोल गेलं तर ‘नताल’च्या मागे लॅटिनमधला ‘नातुस’ आहे, म्हणजे जन्मलेला. त्याचं जुनं रूप ‘ग्नातुस’. भाषाशास्त्रज्ञ हा ‘ग्नातुस’ आणि संस्कृत ‘जात’ एकाच मुळाच्या दोन फांद्या मानतात. नवजात मधला ‘जात’, जन्म मधला ‘जन्’ आणि नाताळ मधला ‘नाता’ ही सगळी हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली भावंडं. एक खुष्कीच्या मार्गानं सिंधू ओलांडून आलं, दुसरं रोम आणि लिस्बन फिरून समुद्रमार्गे वसईला उतरलं.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत जास्त चकित करते. ती कॅलेंडरची आहे.

१५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी जुनं रोमन कॅलेंडर दुरुस्त केलं. जुन्या हिशेबात वर्ष सुमारे अकरा मिनिटांनी मोठं धरलं होतं आणि शतकानुशतकं ती मिनिटं साचत दहा दिवसांचा फरक पडला होता. पोपनी ते दहा दिवस एका फटक्यात वगळले. पोर्तुगाल कॅथलिक, त्यानं लगेच मानलं आणि पाठोपाठ पोर्तुगीज हिंदुस्थानातही नवी तारीख सुरू झाली. इंग्लंड मात्र पोपचं ऐकायला तयार नव्हतं. त्यांनी ही दुरुस्ती थेट १७५२ मध्ये स्वीकारली. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली. माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला इंग्रज (हे मुंबईचं माहीम, आपलं केळवे-माहीम वेगळं), आणि खाडीच्या उत्तरेला वांद्र्यापासून तारापूरपर्यंत पोर्तुगीज. खाडी ओलांडायला होडीतून किती वेळ लागणार? तेवढ्यात माणूस दहा दिवस मागे जात असे. वांद्र्याला २५ डिसेंबर असे, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या दप्तरात १५ डिसेंबर. वांद्र्याला नाताळ जेवून दहा दिवसांनी कुणी होडीत बसला तर इंग्रजांच्या वखारीत त्याला दुसरा नाताळ मिळाला असता. १७०० नंतर तर फरक अकरा दिवसांचा झाला. खाडीतल्या कोळ्यांना या भांडणाचं काहीच नव्हतं. भरती-ओहोटी तिथीनं चालते, आणि तिथी ना पोपची ना राजाची.

हे सगळं १७३९ मध्ये मोडलं. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम आपण शाळेत शिकतो, पण ती मोहीम वसईच्या आधी आपल्या या उत्तरेच्या पट्ट्यात लढली गेली हे पुस्तकात दोन ओळींत आटपतं. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव एकामागून एक पडले. तारापूरला झुंज मोठी झाली. बाजीरावांचा जिवलग सरदार बाजी भीवराव रेठरेकर तिथं कामी आला. मग मे महिन्यात वसई. शरण आलेल्या पोर्तुगीजांना मानानं जाऊ दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मोकळीक राहिली. म्हणून वसईत नाताळ टिकला. उत्तरेकडच्या ठाण्यांतून मात्र पोर्तुगीज गेले आणि त्यांच्याबरोबर इथल्या नाताळचा गजबजाटही ओसरला.

ओसरला, पण आवाज उरला. तो अगदी भलत्याच ठिकाणी. विजयी मराठी फौजांनी वसई प्रांतातल्या चर्चच्या घंटा काढून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरावर टांगलेली प्रसिद्ध घंटा ती हीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर, एका चिमुकल्या देवडीत केवढीतरी मोठी घंटा लोंबते. जवळ जाऊन बघा, तिच्यावर कडेवर बाळ घेतलेली माता आहे. मरियम आणि बाळ येशू, आणि खाली १७०७. भीमाशंकरलाही वसईची घंटा आहे. ज्या घंटांनी नाताळच्या मध्यरात्री बाळाच्या जन्माची वर्दी दिली असेल, त्या गेली पावणेतीनशेहून जास्त वर्षं महादेवाच्या दारात वाजताहेत. ओतीव काशाला धर्म नसतो असं म्हणायचा मोह होतो; पण मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट नवलाची वाटते. घंटेवरची आकृती कुणी घासून काढली नाही. मूल घेतलेली आई होती, राहू दिली.

तर, एकदा आला आणि गेला. असा माझा हिशेब होता. मग एका रविवारी सोपाऱ्याचं काही वाचताना बेरीज पहिल्यांदा चुकली. पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, ठाण्याला चार फ्रान्सिस्कन पंथीयांना जिवे मारण्यात आलं. त्यांचा सोबती जॉर्डानस यानं त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. हे सोपारा म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं नालासोपारा, जिथं विरार लोकलमध्ये शिरायला मारामारी असते ते. आणि ठाण्याला त्या पाहुण्यांना आसरा कुणी दिला होता? तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी. सिरियन परंपरेची, व्यापारात मुरलेली ती माणसं आधीच इथं नांदत होती. म्हणजे या किनाऱ्यावर ख्रिस्तजन्माचा सण कुठल्यातरी घरात ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तीसेक वर्षांतच होत असला पाहिजे. मी ‘एक’ खोडून ‘दोन’ केलं.

आता थोडं दक्षिणेला सरकू, कारण टिकलेला नाताळ तिथं आहे आणि तो तिथून दर डिसेंबरात डहाणू लोकलनं उत्तरेकडे येतो. अक्षरशः डब्यातून येतो. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत गेली तेव्हापासून वसईची लेक पालघरला दिली असली तरी नाताळच्या फराळातले कुलकुल तिसऱ्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी पोचतात.

वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला असं सांगतात. कोंपाद्रे म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचा धर्मपिता होणारा, आपल्याशी नातं जोडणारा माणूस. चर्चला ही मंडळी देऊळ म्हणतात. ‘देवळात चाललो’ असं नाताळच्या रात्री एखादा नटलेला वसईकर म्हणाला तर गोंधळू नका. तिथं मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, मराठीत होते, पण हे फार जुनं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, जगभर बहुतेक कॅथलिक देवळांत मिस्सा लॅटिनमध्येच होती. चारशे वर्षं ज्या गावानं लॅटिन ऐकली, त्या गावात पुढे ‘सुवार्ता’ मासिक निघालं आणि बायबलचा मराठी अनुवाद करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अर्थात ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत त्याआधी खूपच लवकर आली होती. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचं, तुकाराम महाराज तेव्हा लहान होते.

स्वयंपाकघरात मात्र जरा रेंगाळलंच पाहिजे. नाताळच्या आधीचे आठ दिवस वसईच्या घरांत जो वास सुटतो, त्यात पाच खंडं मिसळलेली असतात.

कुलकुल घ्या. मैदा, साखर, अंडं आणि नारळाचं दूध यांची कणीक मळायची, सुपारीएवढी गोळी करायची आणि काट्याच्या चमच्याच्या पाठीवर किंवा नव्याकोऱ्या कंगव्यावर अंगठ्यानं दाबत गुंडाळायची. शिंपल्यासारखी वळकटी होते, वर बारीक रेघा उमटतात. मला वाटायचं, रेघा शोभेच्या. एकदा एका शेजारच्या मावशींनी माझी बिनरेघांची, घट्ट गोळी तळून दाखवली. बाहेरून तांबूस, आतून कच्ची, पीठ दाताला चिकटणारं. मग त्यांची वळकटी तळली. वळलेल्या पातळ पापुद्र्याच्या आतल्या पोकळीत तेल शिरतं, दोन्ही बाजूंनी उष्णता लागते आणि सगळा कुलकुल सारखा खुसखुशीत होतो. रेघांमुळे पृष्ठभाग वाढतो, आणि वर साखरेचा पाक घोळवायचा असेल तर तो त्या खाचांत धरून राहतो. ‘आमच्या आजीनं अभियांत्रिकी कुठं केली होती?’ असं म्हणून मावशी पुढच्या घाण्याकडे वळल्या. पोरंटोरं, पाहुणे, शेजारी असा सगळा गोतावळा बसतो तेव्हाच हे काम उरकतं. एकट्यानं कुलकुल करणं म्हणजे एकट्यानं पापड लाटणं.

नेवरी तर आपली करंजीच. सारण रवा-खोबऱ्याचं. दिवाळीचे फराळाचे साचे वाडीतल्या घरांतून नाताळपर्यंत फिरत राहतात.

आणि इंद्याल. डुकराच्या मांसाच्या या झणझणीत कालवणाच्या नावाशी इंद्राचा काही संबंध नाही. पोर्तुगीज दर्यावर्दी मांस द्राक्षाच्या दारूत आणि लसणीत मुरवून पिंपांत भरत. सहा-सहा महिन्यांचा प्रवास, शीतपेटी नाही. आंबटपणात जंतू वाढत नाहीत म्हणून ही युक्ती. दारू ‘विन्यू’, लसूण ‘आल्यू’. त्याचं गोव्यात विंदालू झालं आणि आपल्याकडे इंद्याल. विंदालूत बटाटे घालणाऱ्या हॉटेलवाल्यांनी त्या ‘आल्यू’ला हिंदीतला आलू समजलं, ती चूक आता जगभर पसरली आहे. इथं द्राक्षाच्या दारूची जागा शिरक्यानं घेतली, आणि मिरची घातली ती दक्षिण अमेरिकेतून त्याच जहाजांतून आलेली. जहाजासाठी केलेली ती युक्ती आजही सणाच्या कामी येते. इंद्याल २३ तारखेला शिजवून ठेवतात आणि २५ तारखेला खातात, मुरल्यावर चव चढते. आत पडतो तो बाटली मसाला. वीस-पंचवीस जिनसा उन्हाळ्यात वाळवून, भाजून, कांडून तपकिरी बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं नाव बाटली मसाला. काच तपकिरी असायलाच हवी. उजेड आत गेला की मिरचीचा रंग आणि वास दोन्ही उडतात.

मार्झिपान ही युरोपात बदामाची मिठाई. इथं बदाम महाग, म्हणून काजू वाटून घातले. काजूचं झाडही ब्राझीलहून आलेलं आणि नावही तिथल्या तुपी लोकांनी दिलेलं. फुगे हा तळणीचा पदार्थ; त्यांच्या पिठात यीस्ट नव्हतं तेव्हा ताडी-माडी घालत. ताडाच्या पोयीतून ठिबकणाऱ्या गोड रसात हवेतलं रानटी यीस्ट काही तासांत घर करतं, रस फसफसतो, आणि तोच पिठात घातला की पीठ फुगतं. केळव्यापासून डहाणूपर्यंत ताडाच्या रांगा बघितल्या की मला आता त्या उंच टांगलेल्या बेकऱ्या दिसतात. पहाटे उतरवलेली नीरा उन्हं चढेपर्यंत ताडी होते, हे इथल्या कुणालाही विचारा. मूठभर पीठ अंगठा आणि तर्जनीतून पिळून तेलात सोडलं की फुगा गरकन फिरून वर येतो. नाव अगदी सार्थ!

गोठ्यांबद्दल न लिहिता पुढे गेलो तर वसईकर मला लोकलमध्ये चढू देणार नाहीत. नाताळचा देखावा, म्हणजे गोठा, ही वसईच्या वाडीवाडीतल्या पोरांची चुरस. गणपतीच्या आराशीसारखीच जागरणं, तशीच वर्गणी, तशाच हलत्या आकृत्या. हा गोठा मांडायची प्रथा लोकप्रिय केली ती असिसीच्या संत फ्रान्सिसनं. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्यानं खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून ख्रिस्तजन्म उभा केला. ज्यांच्या चार बांधवांचे देह सोपाऱ्याला पुरले आणि पुढे पोर्तुगीज काळात वसईत ज्यांनी चर्च उभारली, ते फ्रान्सिस्कन त्याचेच अनुयायी. त्यामुळे वसईच्या गोठ्याचा वारसा थेट आहे.

एक तक्रार मात्र आहे. कापसाचा बर्फ. बेथलेहेम काही उत्तर ध्रुवावर नाही, आणि पालघर तर कर्कवृत्ताच्याही दक्षिणेला. तलासरीकडे गेलं की कळतं. तिथं येशूसंघीयांचं ज्ञानमाता सदन आहे, आसपास आदिवासी ख्रिस्ती वस्ती आहे. कुडाची भिंत, शेणानं सारवलेली जमीन, पेंढा, दाराशी बांधलेली गाय. त्या घरांत गोठ्याचा देखावा करायला वेगळं काय करायचं?

आता पुन्हा बोईसर. १८६४ मध्ये या किनाऱ्यानं रेल्वे सुरतेकडे गेली, पण बोईसरचं नशीब पालटलं ते शंभर वर्षांनी. तारापूरजवळ समुद्रकाठी देशातलं पहिलं अणुवीज केंद्र उभं राहिलं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं दोन अणुभट्ट्या बांधल्या आणि ऑक्टोबर १९६९ पासून तिथून व्यापारी तत्त्वावर वीज सुरू झाली. मग एमआयडीसी आली. कामाला माणसं आली ती देशभरातून, आणि प्रत्येकानं ट्रंकेत आपापला नाताळ आणला. केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरांत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचं व्रत असतं, मांसमच्छी वर्ज्य. त्यांची परंपरा थेट संत थॉमसशी नातं सांगते, पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचं. म्हणजे १३२१ च्या ठाण्यातल्या त्या कुटुंबांचे हे परंपरेनं नातेवाईक. एखाद्या सोसायटीत खालच्या मजल्यावर वसईचं कुटुंब इंद्याल मुरवत असतं आणि वरच्या मजल्यावर केरळचं कुटुंब २५ च्या पहाटेची, अप्पम आणि स्ट्यूची वाट बघत उपास धरून असतं. झारखंडच्या उरांव-मुंडा मजुरांसाठी नाताळ म्हणजे मांदर वाजवून रात्रभर नाच. तिकडे जर्मन मिशनरी १८४५ पासून होते. हे सगळे आलेले मी एकेक करून मोजू लागलो आणि पाचावर येऊन थांबलो. मोजणी सोडून दिली म्हणा.

वर टांगलेल्या त्या ताऱ्यांचा मात्र एक हिशेब केला. तारापूरच्या नव्या अणुभट्ट्या, तिसरी आणि चौथी, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. पाच वॅटचा एक तारा धरा. एकट्या अणुभट्टीवर दहा कोटींहून जास्त तारे एका वेळी पेटतील. आत घडतं ते एवढंच की युरेनियमचा अणुगर्भ फुटतो, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते आणि वाफेनं चक्र फिरतं. आणि युरेनियम आलं कुठून? सोन्यासारख्या इतर जड मूलद्रव्यांप्रमाणे तेही पृथ्वी जन्मण्याआधी ताऱ्यांच्या स्फोटांत किंवा टकरींत घडलेलं. बोईसरच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या ताऱ्यात खऱ्या ताऱ्याची ऊर्जा चमकते आहे, हे त्या दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘दीडशेला द्या म्हणालात तरी कमी नाही होणार.’

२४ तारखेच्या रात्री मिस्सा संपायच्या सुमारास मी चिंचणीच्या किनाऱ्यावर जातो. तिथून दक्षिणेला वीज केंद्राचे दिवे दिसतात. मान वर केली की त्याच दिशेला, उंच, मृग नक्षत्र. पोटातला तिहेरी बाण अगदी स्पष्ट. पोर्तुगीज बोलणारे या तीन चांदण्यांना ‘तीन मारिया’ म्हणतात, युरोपात आणि दक्षिण आफ्रिकेत कुठे कुठे ‘तीन राजे’ म्हणतात, बाळाला भेटी घेऊन आलेले. आपल्याला तो व्याधानं मारलेला बाण. आणि यातली खरी कमाल घड्याळाची आहे. भारताची प्रमाणवेळ प्रयागराजच्या बाजूच्या रेखावृत्तावरून ठरते. आपला किनारा त्याच्या बराच पश्चिमेला, त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा तारापूरच्या आकाशातली खरी मध्यरात्र व्हायला अजून सुमारे चाळीस मिनिटं बाकी असतात. या चाळीस मिनिटांच्या उशिरानं काय जुळून येतं बघा. २४ डिसेंबरच्या रात्री आपल्या घड्याळात बरोबर बाराच्या आगेमागे त्या तीन चांदण्या इथल्या आकाशात आपल्या सर्वांत उंच जागी येतात. देवळात घंटा वाजते तेव्हा तीन राजे माथ्याजवळ पोचलेले असतात. सरकारी वेळ ठरवणाऱ्या कुणाच्या मनातही हे नसणार.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मावशींचा स्टीलचा डबा आमच्याकडे येतो. कुलकुल, नेवऱ्या, दोन फुगे. डबा रिकामा परत करायचा नाही ही घरची रीत, म्हणून तो आमच्या फळीवर वीस दिवस थांबतो आणि संक्रांतीला तिळगूळ भरून परत जातो. या वीस दिवसांचा उलगडा मला फार उशिरा झाला. रोमन लोक २५ डिसेंबर हा हिवाळ्यातल्या सगळ्यांत लहान दिवसाचा मुक्काम मानत. त्या तारखेला नाताळ होत असल्याची सगळ्यांत जुनी नोंद रोममधली, इसवी सन ३३६ ची. आणि आपली संक्रांत, सूर्याच्या मकरप्रवेशाची, तीही तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास त्याच लहान दिवसाला येत असे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे दर सुमारे बहात्तर वर्षांनी ती एक दिवस पुढे सरकत सरकत आता १४ जानेवारीला आली आहे. सूर्य उत्तरेकडे वळला, एवढीच ती एक घटना. तिच्या दोन तारखा.

मावशींना हे सांगितलं. त्यांनी डबा उघडून बघितला, एक लाडू तोडला आणि विचारलं, ‘गूळ डहाणूचा की कोल्हापूरचा?’